काचेची जाळी आणि आपली अक्षरे

यंत्रांचा इतिहास बहुधा यंत्र घडविणाऱ्यांच्या बाजूने लिहिला जातो. कोणी, केव्हा, कोणत्या प्रयोगशाळेत काय शोधले याची यादी पुरी झाली की इतिहास पुरा झाला असे मानण्याची रीत आहे. परंतु ज्या यंत्राचे मुख्य कार्य अक्षर दाखविणे हेच आहे, त्याच्या इतिहासाला दुसरीही एक बाजू असते, आणि ती म्हणजे अक्षराची. छापखान्याच्या बाबतीत ही बाजू आपल्याकडे उपेक्षित राहिली नाही. अ. का. प्रियोळकरांनी १९५८ मध्ये भारतातील मुद्रणाचा इतिहास ग्रंथरूपाने मांडला, तेव्हा खिळे कोणी पाडले याइतकेच, त्या खिळ्यांत आपली लिपी कशी बसविली गेली हेही वाचकांपुढे आले. आज आपले वाचन कागदाइतकेच, किंबहुना काही घरांत कागदाहून अधिक, एका पातळ काचेवर होते. या सपाट विद्युत्-पडद्याकडे त्याच दृष्टीने पाहावे, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. आमचे प्रतिपादन थोडक्यात असे: या पडद्याच्या प्रत्येक शोधात, त्यावर काय दाखवायचे आहे याविषयीची शोधकाची कल्पना आधीच घडविलेली होती, आणि देवनागरीच्या दृष्टीने निर्णायक ठरलेला शोध रंगाचा किंवा पातळपणाचा नसून जाळीचा होता.

जाळी हा शब्द आम्ही सहज योजलेला नाही. ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या पूर्वेस, जुन्या शहराला लागून हजीरा नावाचा भाग आहे. हजीरा म्हणजे समाधीचे आवार. शेख मुहम्मद घौस हे सूफी सत्पुरुष १५६३ च्या सुमारास निवर्तले. त्यांचा मकबरा येथे आहे आणि त्याच आवारात तानसेनाची लहानशी कबर आहे. संगीताचे रसिक तानसेनासाठी येथे येतात. पण वास्तुकलेच्या अभ्यासकाचे पाऊल घौसांच्या मकबऱ्याशी थबकते, ते तेथील दगडी जाळ्यांमुळे. मधल्या दालनाभोवतीचा सोपा या जाळ्यांनी वेढलेला आहे. बाहेरून पाहिले तर त्या भिंती वाटतात. आत उभे राहिले की त्याच भिंती प्रकाशाच्या आकृत्या होतात. येथे कारागिराने रंग भरलेला नाही, चित्रही काढलेले नाही. कोठे प्रकाश जाऊ द्यावयाचा आणि कोठे अडवावयाचा एवढेच त्याने ठरविले, आणि त्या ‘जाऊ देणे-अडविणे’ यांतून आकृती सिद्ध झाली.

आजचा एलसीडी पडदा तत्त्वतः याहून निराळा नाही. तोही स्वतः उजळत नाही. त्याच्यामागे दिवा असतो, आणि पुढची काच हा प्रकाश ठिकठिकाणी सोडते किंवा रोखते. भेद एवढाच की दगडी जाळीचे छिद्र एकदा कोरले की कायमचे उघडे राहते, आणि काचेच्या जाळीचे प्रत्येक छिद्र क्षणोक्षणी उघडझाप करू शकते. हा ‘एवढाच’ भेद साधावयास मात्र माणसाला शंभर वर्षे लागली.

आरंभ झाला तो वनस्पतिशास्त्रात. १८८८ मध्ये प्राग येथे फ्रीड्रिख राइनित्सर हा ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ कोलेस्टेरॉलपासून केलेला एक पदार्थ तापवीत असता त्याला असे आढळले की तो पदार्थ दोनदा वितळतो. १४५.५ अंश सेल्सिअसला त्याचा गढूळ द्रव होतो आणि १७८.५ अंशांना तोच द्रव स्वच्छ होतो. जर्मन पदार्थवैज्ञानिक ओटो लेहमान याने त्या मधल्या गढूळ अवस्थेचा अभ्यास केला, आणि द्रव असूनही स्फटिकासारखी अंतर्गत शिस्त बाळगणाऱ्या या अवस्थेला पुढे ‘द्रव स्फटिक’ हे नाव रूढ झाले. पाण्यात तरंगणाऱ्या काड्या वाहतात खऱ्या, पण सर्व एकाच दिशेला तोंड करून वाहिल्या तर जे घडेल, तसे या पदार्थाच्या रेणूंचे असते. पुढे बहुतेक ऐंशी वर्षे हा विषय प्रयोगशाळेतील कुतूहल म्हणूनच राहिला.

या कुतूहलाचे उपकरण झाले ते अमेरिकेत. आरसीए या कंपनीच्या प्रिन्स्टन येथील प्रयोगशाळेत रिचर्ड विल्यम्स याने १९६२ मध्ये द्रव स्फटिकावर विद्युत्-दाबाचा परिणाम पाहिला. जॉर्ज हाइलमायर याने १९६४ मध्ये त्या परिणामाचा उपयोग करून पारदर्शक थर दुधाळ करून दाखविला. आणि २८ मे १९६८ रोजी कंपनीने हा शोध वृत्तपत्रांपुढे मांडला. भिंतीवर टांगावयाचा दूरदर्शन-संच आता दूर नाही असे तेव्हा सांगण्यात आले. परंतु त्या कंपनीने हा उद्योग नेटाने पुढे नेला नाही. तेथेच काम करणारा वोल्फगांग हेल्फ्रिख याला याहून सरस अशी एक युक्ती सुचली होती. तिला तेथे उत्तेजन मिळेना, तेव्हा तो १९७० मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे हॉफमान-ला रोश या औषधनिर्मात्या कंपनीत गेला. तेथे मार्टिन शाट याच्यासह त्याने ती युक्ती सिद्ध केली आणि ४ डिसेंबर १९७० रोजी तिच्या पेटंटसाठी अर्ज झाला. अमेरिकेत जेम्स फर्गसन यानेही १९७१ च्या एप्रिलमध्ये तशाच रचनेवर हक्क सांगितला, आणि तो वाद पुढे तडजोडीने मिटला.

ती युक्ती अशी. दोन काचांच्या मध्ये केसाच्या जाडीच्याही अनेक पटींनी कमी, म्हणजे काही मायक्रॉनच, जागा ठेवावयाची आणि तीत द्रव स्फटिक भरावयाचा. खालच्या काचेशी रेणू एका दिशेला आणि वरच्या काचेशी त्याच्याशी काटकोनात असे बसविले की मधले रेणू जिन्याच्या पायऱ्यांसारखे क्रमाने वळत जातात. प्रकाशही त्या वळणाबरोबर वळतो आणि बाहेरच्या ध्रुवक पटलातून निघून जातो. विद्युत्-दाब दिला की रेणू उभे राहतात, जिना मोडतो, प्रकाश वळत नाही आणि अडतो. प्रकाशाच्या या अनुसरणाचे निरीक्षण शार्ल मोगॅं या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९११ मध्येच केले होते. त्यातून दार करता येईल हे सुचावयास मात्र साठ वर्षे गेली.

काचेशी रेणू ठरावीक दिशेला बसवावयाचे कसे? या प्रश्नाचे उत्तर मोठे साधे आहे, आणि हजीऱ्याच्या रहिवाशांना ते विशेष वाटावे असे आहे. काचेवर बहुवारिकाचा पातळ लेप द्यावयाचा आणि तो रेयॉनच्या मखमली कापडाने एकाच दिशेने घासावयाचा. एवढ्याने रेणू त्या दिशेला तोंड करतात. अत्यंत सूक्ष्म मापांच्या या उद्योगात दीर्घकाळ सर्वांत महत्त्वाची पायरी होती ती कापडाने पुसण्याची. हजीऱ्याला लागून असलेल्या बिर्लानगरात १९२१ मध्ये जियाजीराव कॉटन मिल निघाली, आणि १९४७ मध्ये ग्वाल्हेर रेयॉन ही कंपनी स्थापन झाली. पहिली गिरणी १९९० नंतरच्या वर्षांत बंद पडली. दुसरीचे नाव पुढे ग्रासिम झाले. या गिरण्यांचा आणि काचेच्या पडद्यांचा प्रत्यक्ष संबंध आला असे आम्हाला म्हणावयाचे नाही. परंतु ज्या वस्तीला ताणा-बाणा म्हणजे काय हे हाताने ठाऊक होते, तिला पुढील काचेची जाळी समजावयास अवघड नाही, हे आम्ही लवकरच दाखवू.

तत्पूर्वी एका अडचणीचा उल्लेख केला पाहिजे. आरंभीचे द्रव स्फटिक एक तर उष्णतेतच काम देत किंवा हवेने नासत. इंग्लंडमध्ये हल विद्यापीठातील जॉर्ज ग्रे याने १९७२ मध्ये सायनोबायफेनिल नावाची टिकाऊ संयुगे तयार केली. त्यांतील सुप्रसिद्ध संयुग सुमारे २२ ते ३५ अंशांच्या दरम्यान द्रव स्फटिक राहते. ग्वाल्हेरच्या वैशाखात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो; म्हणजे ते एकटे संयुग येथे दुपारी निकामी झाले असते. पीटर रेन्स याने अशा संयुगांचे गणिताने प्रमाण ठरवून मिश्रण केले, तेव्हा ती मर्यादा उणे १० पासून सुमारे ६० अंशांपर्यंत वाढली. काचेच्या पडद्याला हिंदुस्थानचा उन्हाळा सोसण्याची शक्ती आली ती या मिश्रणामुळे.

आता आमच्या मुख्य मुद्द्याकडे वळू. १९७३ मध्ये जपानात शार्प कंपनीचे गणकयंत्र आणि सैको कंपनीचे सहा अंकी घड्याळ बाजारात आले. दोन्हींवर काय दिसत होते? अंक. आणि ते अंक कसे घडविले होते? सात दांड्यांनी. आडव्या तीन, उभ्या चार. सातही पेटल्या की 8, मधली विझली की 0, उजवीकडच्या दोनच पेटल्या की 1. ही कल्पना द्रव स्फटिकाहून जुनी आहे. फ्रँक वुड याने १९०८ मध्ये दिव्यांच्या दांड्यांनी अंक दाखविण्याच्या योजनेवर हक्क मागितला होता, आणि तीत चारच्या अंकासाठी एक तिरपी आठवी दांडीही होती. काचेवर ही योजना फार सोयीची ठरली, कारण दांडीचा आकार पारदर्शक विद्युत्-वाहक लेपातच कोरता येतो आणि प्रत्येक दांडीला एक तार जोडली की काम होते. आठ अंकांना छप्पन्न दांड्या पुरतात.

परंतु त्या काचेवर कोरलेली वस्तू केवळ दांडी नव्हती. ती एका विशिष्ट अंकमालेची मूस होती. जिज्ञासू वाचकाने कागदावर त्या सात दांड्या काढून आपले अंक त्यांत बसवून पाहावेत. ० सहज बसते. २ आणि ३ ओढूनताणून बसतात. ६ बसविला तर इंग्रजी ई अक्षर दिसते. १ बसविला तर परकी अंकमालेतील नऊ होतो. आणि ४, ५, ७, ८, ९ यांचे तिरपे छेद, पोट आणि शेपट्या यांना त्या चौकटीत जागाच नाही. मंडईतील विजेचा काटा, पेट्रोल पंप, उद्वाहकातील मजल्याचा आकडा, या सर्वांवर देवनागरी अंक न दिसण्याचे एक कारण हेच आहे. एकमेव कारण ते नव्हे. संघराज्याच्या शासकीय कामासाठी भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप योजावे असे संविधानाच्या ३४३ व्या अनुच्छेदाने आधीच ठरविले होते. तथापि कायद्याने जे शासकीय कामापुरते ठरविले, ते काचेने बाजारातही ठरवून टाकले.

यातील विरोधाभास ग्वाल्हेरातच सर्वांत तीव्रपणे जाणवतो. हजीऱ्यावरून मान वर केली की दिसणाऱ्या किल्ल्याच्या कड्यात चतुर्भुज मंदिर कोरलेले आहे. तेथील विक्रम संवत् ९३३ च्या, म्हणजे इ. स. ८७६ च्या, शिलालेखात देवाच्या फुलबागेची नोंद आहे: लांबी २७० हात, रुंदी १८७ हात, आणि रोजच्या ५० माळा. त्यातील २७० आणि ५० या संख्यांमधील लहानसे वर्तुळ हे भारतातील कालनिश्चित कोरीव शून्यांपैकी अत्यंत जुने होय. ज्या अंकपद्धतीने हा हिशेब दगडात कोरला, तीच अरबांकडून युरोपात गेली, तेथे तिला नवे वळण लागले, आणि ते वळण सात दांड्यांत कोरले जाऊन परत आले. पद्धत आपली, वळण त्यांचे, आणि काचही त्यांची. तेवढे शून्य मात्र दोन्हीकडे सारखेच राहिले.

दांड्यांच्या पुढची पायरी ठिपक्यांची. पाच उभ्या व सात आडव्या रांगा, एकूण पस्तीस ठिपके, यांत रोमन अक्षर ओळखण्याइतके उमटते. हिताची कंपनीची १९८० नंतर सर्वत्र पसरलेली एक नियंत्रक चकती पाहावी. तीत रोमन अक्षरे आणि जपानी काताकाना ही दोन्ही कायमची भरलेली होती. उत्पादक जपानी असल्याने त्याने आपली लिपी विसरली नाही. इतरांसाठी रिकाम्या जागा ठेवल्या होत्या, त्या आठ. आठ अक्षरांत मराठी लिहावयाची! शिवाय देवनागरीला तीन मजले लागतात. शिरोरेषेवर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार; मध्ये अक्षर; खाली उकार आणि जोडाक्षराची बैठक. सात रांगांत हे मावत नाही. निदान पंधरा-सोळा तरी हव्यात. आणि शिरोरेषा शब्दभर सलग असते, तर त्या यंत्रात प्रत्येक अक्षराची खिडकी वेगळी, मध्ये फट. शब्दाचे डोकेच तुटावयाचे.

तेव्हा हवी होती ती सलग जाळी: ज्या काचेला अक्षर म्हणजे काय हे मुळीच ठाऊक नाही, आणि म्हणूनच जी कोणत्याही अक्षराला नकार देत नाही अशी. ६४० उभ्या आणि ४८० आडव्या रेषांच्या जाळीत ३,०७,२०० ठिपके असतात. प्रत्येकाला स्वतंत्र तार देणे अशक्य. पण उभ्या-आडव्या मिळून ११२० तारा पुरतात, कारण ठिपका म्हणजे दोन तारांची भेट. हाच तो ताणा-बाणा. मागावर कोणता उभा धागा उचलला असता आडवा धागा गेला यावरून नक्षी ठरते, तद्वत् येथे कोणती आडवी ओळ निवडली असता कोणत्या उभ्या तारेवर दाब होता यावरून चित्र ठरते.

पण या विणीत एक दोष होता. एका ओळीसाठी दिलेला दाब शेजारच्या ओळींनाही थोडाथोडा लागतो. आल्ट आणि प्लेश्को यांनी १९७४ मध्ये गणिताने दाखविले की ओळी वाढतात तसा पेटलेल्या आणि विझलेल्या ठिपक्यांतील दाबाचा भेद घटतो. शंभर ओळींना तो जेमतेम दहा-अकरा टक्के उरतो. अक्षर फिकट, पार्श्वभूमी मळकी. या दोषावर दोन बाजूंनी उपाय झाले. एक बाजू पदार्थाची: शेफर आणि नेरिंग यांनी स्वित्झर्लंडमध्ये १९८० नंतरच्या वर्षांत रेणूंचा पीळ ९० अंशांहून पुष्कळ वाढविला, जेणेकरून थोड्या भेदानेही ठिपका पालटावा. दुसरी बाजू ओळी निवडण्याच्या पद्धतीची, आणि येथे भारताचे नाव येते. बेंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत मधुसूदन आणि रुक्मांगथन यांनी १९८३ मध्ये, एका वेळी एकच ओळ न निवडता अनेक ओळी एकत्र निवडण्याची पद्धत मांडली. त्याच संस्थेत शि. चंद्रशेखर आणि त्यांचे सहकारी सदाशिव व सुरेश यांनी १९७७ मध्ये काडीसारख्या नव्हे तर चकतीसारख्या रेणूंचा द्रव स्फटिक शोधून काढला होता. पुढे १९९५ च्या सुमारास जपानी फूजी कंपनीने अशाच चकत्यांच्या पटलाचा उपयोग, पडदा तिरप्या बाजूनेही स्पष्ट दिसावा यासाठी केला. मूळ विज्ञान भारतात आणि कारखाना अन्यत्र, ही कथा येथेही घडली. विसाव्या शतकात अशी काच मोठ्या प्रमाणावर घडविणारा कारखाना आपल्याकडे उभा राहिला नाही.

दोषाचे मूळ मात्र तिसऱ्याच उपायाने निघाले. प्रत्येक भेटीच्या जागी एक सूक्ष्म ट्रान्झिस्टर बसवावयाचा. तो पहारेकऱ्यासारखा, आपली ओळ पुकारली गेली तरच दार उघडील, आणि एरवी शेजारच्या गलबल्याकडे लक्ष देणार नाही. अमेरिकेत वेस्टिंगहाउस कंपनीत पीटर ब्रोडी आणि त्याचे सहकारी यांनी १९७३ च्या सुमारास सहा इंच चौरस काचेवर इंचाला वीस ओळी अशी ही जाळी करून दाखविली. १९७९ मध्ये स्कॉटलंडच्या डंडी विद्यापीठात स्पिअर आणि लकोंबर यांनी, मोठ्या काचेवर स्वस्तात पसरता येणाऱ्या अस्फटिकी सिलिकॉनचे असे ट्रान्झिस्टर सिद्ध केले. आणि १९८८ मध्ये शार्प कंपनीने चौदा इंची रंगीत पडदा दाखविला. त्यानंतर काचेला अंक, रोमन अक्षर, जोडाक्षर आणि आंब्याचे चित्र ही सर्व सारखीच झाली.

योगायोग असा की याच वर्षांत आपल्या लिपीची तयारीही चालू होती, आणि ती जुन्या, जाडजूड नलिकेच्या पडद्यावर. कानपूरच्या आयआयटीत रा. म. कृ. सिन्हा यांच्या गटाने केलेले देवनागरी संगणकयंत्र १९८३ मध्ये दिल्लीच्या तिसऱ्या विश्व हिंदी संमेलनात दाखविण्यात आले. त्या कामातून निघालेले जिस्ट हे तंत्र मोहन तांबे यांनी वाढविले, आणि १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाल्यावर ते तेथे आले. भारतीय लिप्यांची सामायिक सांकेतिक संहिता १९९१ मध्ये भारतीय मानक झाली. तिच्या १९८८ च्या आवृत्तीवरूनच युनिकोडमधील देवनागरीची मांडणी त्याच वर्षी बांधली गेली. सपाट काच आपल्या घरी पोचली तेव्हा तीवर बसावयास अक्षरे तयार होती, याचे श्रेय या मंडळींचे आहे.

येथे इतिहास संपतो आणि जबाबदारी सुरू होते. सात दांड्यांची काच आपले अंक नाकारीत होती. तो दोष काचेचा होता आणि तसे म्हणण्यास जागा होती. आजची जाळी काहीही नाकारीत नाही. ‘दुसऱ्या’ आणि ‘वाऱ्यावर’ या शब्दांतील मराठीचा अर्धा र चुकीचा उमटला, किंवा ल आणि श ही अक्षरे मराठी वळण सोडून हिंदी वळणाने दिसली, तर तो दोष आता काचेचा नव्हे. टंक घडविणाऱ्याचा आणि तो निमूटपणे स्वीकारणाऱ्या वाचकाचा आहे. शिंदेशाहीच्या दप्तरातील मोडी लिपीलाही २०१४ मध्ये युनिकोडमध्ये स्थान मिळाले आहे. ग्वाल्हेरच्या मराठी घरांतील एखादे जुने पत्र काचेवर मूळ लिपीत मांडण्यास आता यंत्राची आडकाठी नाही. ते मांडणारा हवा, वाचणारा हवा.

दगडी जाळीच्या कारागिराला नक्षी आधी ठरवावी लागे, कारण कोरलेले छिद्र बुजत नाही. काचेच्या जाळीने ती सक्ती उठविली आणि नक्षी ठरविण्याचे काम, अमर्याद काळापर्यंत, पाहणाऱ्यांच्या हाती दिले. छिद्रे सर्वांना सारखी मिळाली आहेत; त्यांतून कोणाचे अक्षर उजळावे हे त्या त्या भाषेने ठरवावयाचे आहे.